पोळ्यांना बाई कशाला?

'पोळ्यांना बाई लावण्याइतकं काय अडलंय? तेवढ्या पैशांत छान पैठणी आली असती.' हे मला नात्यातल्या आणि ऑफिसातल्या बायका नेहमी ऐकवतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पैठणी माझ्याकडे आहे आणि ती मला फार आवडते. पण नवलाई ओसरल्यापासून ती मलमलीत गुंडाळलेली असते, लग्नसराईत तेवढी बाहेर निघते. संध्याकाळचा मोकळा वेळ रोज नव्याने हाती येतो. डोंबिवलीला गाडीतून उतरायचं, घरी येऊन पर्स टेकवायची आणि थेट कणीक मळायला घ्यायची, हे मी वर्षानुवर्षं केलं. आता त्या वेळात सासूबाईंना शब्दकोडं वाचून दाखवते. त्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, पण उत्तरं माझ्याआधी सुचतात. एखादा जुना शब्द आला की त्यावरून त्यांच्या माहेरची गोष्ट निघते आणि कोडं तसंच राहतं. ह्या गप्पा आधी कधी झाल्याच नव्हत्या.

2017 साली ॲशली व्हिलन्स, एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 60 नोकरदारांना एका शनिवार-रविवारी 40 डॉलर वस्तू घ्यायला दिले आणि दुसऱ्या खेपेला तेवढेच वेळ वाचवायला. वेळ वाचवला तेव्हा माणसं जास्त आनंदात होती, कारण मागे लागलेली घाई कमी झाली होती. तरी वेगळ्या 98 जणांना 'अचानक 40 डॉलर मिळाले तर काय कराल?' असं विचारल्यावर वेळ वाचवण्याचं नाव जेमतेम 2 टक्क्यांनी काढलं. नेदरलँड्समधल्या बड्या श्रीमंतांतही जवळपास निम्मे लोक नावडत्या कामांसाठी कुणाला पैसे देत नव्हते. म्हणजे ऐपत असूनही मन धजत नाही. आपल्याकडे तर घरच्या बाईने असा खर्च केला की तिला आळशी ठरवतात. मला हे मुळीच पटत नाही.

मात्र आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी इतरही घरांतली कामं करून स्वतःच्या घरी पुन्हा पोळ्या लाटतात. त्यांना वेळ विकत घेणं परवडत नाही. म्हणून दरात घासाघीस करायची नाही, सुट्ट्यांचे पैसे कापायचे नाहीत, दिवाळीला एक पगार जास्तीचा द्यायचा आणि वर्षाला वाढ त्यांनी मागायच्या आत द्यायची, हे आमच्या घरी ठरलेलं आहे. महिन्याला पाचशे रुपये जास्त गेल्याने माझ्या घरात काही हलत नाही, त्यांच्या मुलीच्या क्लासची फी मात्र वेळेवर भरली जाते. तुम्हीही बाई लावणार असाल तर आधी एवढं ठरवा, मग बोलावा.