श्वान पेशी आणि कोपरामागची चेता

आमच्या बीड जिल्ह्यात कुष्ठरोग शोधमोहिमेच्या वेळी आशाताई घरोघर येऊन अंगावरचे फिकट चट्टे पाहतात. संशयित रुग्ण आरोग्य केंद्रात गेला, की डॉक्टर कोपराच्या मागे बोटांनी चाचपून अल्नर चेता (करंगळीकडे जाणारी नस) जाड झाली आहे का, हे तपासतात. त्या जाडीचे मूळ कळण्यासाठी थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये वर्णन केलेली पेशी समजून घ्यावी लागते.

मेंदू व मज्जारज्जूच्या बाहेरील चेतातंतूंना श्वान पेशींची सोबत असते. जाड तंतूवर एक पेशी साधारण मिलिमीटरभर लांबीचा एकच भाग सांभाळते आणि स्वतःचे पटल त्याभोवती अनेक वेढ्यांनी गुंडाळून स्निग्ध मायलिन तयार करते. दोन पेशींच्या मधे जी अरुंद फट उरते तेथेच विद्युत आवेग नव्याने उठतो, म्हणून तो सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे धावू शकतो. वेदना वाहणारे बरेच बारीक तंतू मात्र मायलिनविना, एकाच श्वान पेशीच्या घड्यांत अनेक जण मिळून राहतात आणि त्यांचा वेग सेकंदाला एक-दोन मीटर एवढाच असतो. शाळेत वायरवरच्या खोळीची उपमा देतात, ती मला अपुरी वाटते, कारण हे आवरण जिवंत आहे आणि म्हणूनच त्याला रोगही होतो.

कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशीभोवतीच्या आधारपटलातील लॅमिनिन या प्रथिनाला चिकटून आत शिरतो. त्याला थंड ऊती मानवतात. कोपरामागे चेता त्वचेच्या अगदी जवळ, म्हणून तुलनेने थंड असते. पुढे शरीराची प्रतिकारशक्ती जंतूवर तुटून पडते तेव्हा चेतेला सूज येते, परंतु तंतूंच्या जुडग्यांभोवतीचे चिवट परिचेतावरण फारसे ताणले जात नसल्याने आतले तंतू दाबले जातात. जंतू मारणाऱ्या गोळ्या नियमित चालू असतानाही हात बधिर होऊ शकतो, तो यामुळेच; अशा वेळी सूज उतरवणारे स्टेरॉइड द्यावे लागते.

तुटलेला तंतू पुन्हा वाढू शकतो. श्वान पेशी जुने मायलिन मोडून साफ करतात, रांगा धरतात आणि नव्या अंकुराला दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने पुढे नेतात. कोपरापासून बोटांपर्यंत हा प्रवास वर्षभराचा होतो, आणि वाट दाखवणाऱ्या पेशीच रोगग्रस्त असतील तर तो अर्धवट राहतो.

चेतेची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल, तर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेलेली ऊसतोड कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. करंगळीचा बधिरपणा ‘आल्यावर दाखवू’ म्हणून सोडला, तर त्या मुदतीतला बराचसा काळ फडातच संपतो.