मिक्सर आणि डंक

मे महिना लागला की आमच्या घरात मिरच्या येतात. बेडगी, संकेश्वरी, थोडी पांडी. गच्चीवर दोन-तीन उन्हं खाऊन त्या कुरकुरीत झाल्या की पिशव्या घेऊन आई निघते लालबागला, डंकावर, म्हणजे यंत्राच्या मुसळांनी मसाला कुटून देतात तिथे. "घरात साडेसातशे वॅटचा मिक्सर आहे, त्यात फिरव की," असं मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी तेच उत्तर ऐकते, "मिक्सरात मसाला तापतो गं. वास उडतो."

यंदा हे उत्तर मला भलत्याच ठिकाणी आठवलं.

एकाच माणसाचं नाव यादीत दोन-तीनदा आलं असेल तर ते शोधायचा एक प्रोग्राम मी घरी लॅपटॉपवर लिहिला होता. सावंत, सांवत, सावन्त, आणि आडनावाच्या रकान्यात चुकून पडलेला 'दत्ताराम'. रत्नागिरी जिल्ह्याच्या फाइलला अकरा मिनिटं लागायची. मग ऑफिसने ऐरोलीकडच्या कुठल्याशा डेटा सेंटरमधला अख्खा सर्व्हर, म्हणजे एक मोठा दणकट संगणक, भाड्याने घेतला, आणि मी मोठ्या ऐटीत तोच प्रोग्राम तिथे चढवला. पंधरा मिनिटं! शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, "ताई, भाडं लॅपटॉपचं द्यायला हवं होतं."

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय-७ १२६०पी हा प्रोसेसर आहे, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप. त्यात बारा कोअर, म्हणजे आपापलं काम स्वतंत्रपणे करणारे बारा कामगार, त्यातले चार धावणारे आणि आठ चालणारे. धावणारा एकटाच कामाला लागला तर ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ४७० कोटी ठोक्यांपर्यंत, जातो. सर्व्हरवरचा एएमडीचा एपिक ९६५४ हा २०२२च्या नोव्हेंबरात बाजारात आला. त्यात ९६ कोअर, पण एकेकाची धाव ३.७पर्यंतच, आणि मूळ चाल २.४. माझा प्रोग्राम एका वेळी एकाच कोअरवर चालणारा, म्हणजे उरलेले ९५ नुसते बघत बसलेले. आपण मात्र सर्व्हर म्हटलं की वेगवान असणारच, असं धरून चालतो.

मग एवढ्या महागड्या यंत्राला पळायला काय होतं? तर आई म्हणते तेच, तापतं. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज लागते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे वेग जेवढा वाढतो, त्याहून उष्णता कितीतरी जास्त वाढते. या उष्णतेपुढे इंटेलनेही एकदा हात टेकले आहेत. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ प्रोसेसर आणणार म्हणून जाहीर केलं होतं, आणि २००४च्या ऑक्टोबरात तो बेत गुंडाळला. तेव्हापासून सगळ्यांनीच एक कोअर पळवण्याचा हट्ट कमी करून कोअरची संख्या वाढवायला घेतली. एपिकला ३६० वॅट लागतात, जवळजवळ पाच जुन्या सीलिंग फॅनएवढे. ऐकायला खूप वाटतात, पण ९६ जणांत वाटले तर एकेकाच्या पदरात पावणेचार. लॅपटॉपच्या चिपला एरवी २८ वॅट, आणि एकच कोअर राबत असला तर त्यातला मोठा घास तोच घेतो. एकुलत्या एका मुलाचे लाड म्हणावेत तसे.

लालबागला डंक बघितलाय ना? खाली उखळं, वर ओळीने लोखंडी मुसळं, एक वर गेलं की दुसरं खाली. धप, धप, धप. त्या आवाजात घाई अशी नसतेच. मिक्सरचं पातं त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरतं. वाटीभर चटणी हवी असेल तर डंकाकडे कोण जाईल? पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत गिरणगावातल्या घराघरांतला मसाला कुटायचा म्हटला की मिक्सर बिचारा पहिल्या किलोतच बसतो.

दुसऱ्या दिवशी मी महाराष्ट्राच्या छत्तीसही जिल्ह्यांच्या फाइली सर्व्हरवर एकदम सोडल्या. प्रोग्रामला हातसुद्धा लावला नाही. छोटे जिल्हे पटापट बाहेर पडले, पुणे सगळ्यात शेवटी, आणि पाऊण तासात खेळ आटोपला. रत्नागिरीला आजही सोळा मिनिटं लागलीच, आजूबाजूला पस्तीस जण राबत असताना जेमतेम एका मिनिटाचा फरक.

हट्टाने तेच घरी करून बघितलं. छत्तीस सोडाच, चार फाइली एकदम लावल्या. पहिली दोन मिनिटं लॅपटॉप झोकात होता. मग पंख्याचा सूर चढला, कीबोर्डवर बोट ठेववेना, आणि वेग ४.७वरून तीनच्या खाली घसरला. बिघाड नव्हे तो. स्वतःला जळू न देण्यासाठी चिप आपणहून पाय आवरते. निदान गप्प बसून तरी सोसते. आमचा मिक्सर तापला की सरळ बंद पडतो, आणि उलटा करून बुडाचं लाल बटण दाबल्याशिवाय बोलत नाही.

खालून वारा लागावा म्हणून मी लॅपटॉप पुरणाच्या चाळणीवर ठेवला. तीन गिगाहर्ट्झच्या थोडा वर आला. मी कौतुकाने आकडा बघत होते, तेवढ्यात दार वाजलं. आई डंकावरून आली होती. हातात डबे, पदरावर लाल धूळ, आणि खोलीभर तो वास.

"अगं, हळद राहिली कुटायची, घरीच फिरवते," डबे ठेवत ती म्हणाली. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "इथली चाळणी कुणी नेली?"