तुम्ही विचारलंत म्हणून: दाताची नस भरून येत नाही का?

“डॉक्टर, हाताला कापलं तर भरून येतं, हाड मोडलं तरी जुळतं. मग दाताची नसच तेवढी काढून का टाकता?” रूट कॅनाल सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी रास्त आहे. नस भरून येऊ शकते. ज्या सुजेला आपण घाबरतो, त्या सुजेतल्याच पेशी हे काम करतात.

दाताच्या पोटातली नस, म्हणजे पल्प, हा नुसता दुखणारा धागा नाही. त्यात रक्तवाहिन्या आहेत, डेंटिन (इनॅमलच्या आतला दाताचा टणक थर) तयार करणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशी आहेत, नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) आहेत आणि कायम पहाऱ्यावर असणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीही आहेत. कीड डेंटिनमध्ये उतरली की जंतू पल्पपर्यंत पोचायच्या आधीच त्यांची विषारी द्रव्यं बारीक नळ्यांमधून आत झिरपतात. ओडोंटोब्लास्टना तेवढ्यावरूनच सुगावा लागतो आणि त्या रासायनिक संदेश सोडतात. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात, पाठोपाठ मॅक्रोफेज.

या मॅक्रोफेजबद्दल मला फार जिव्हाळा आहे. सुरुवातीला ते जंतू गिळतात, मारतात, सूज वाढवतात. जंतूंचा जोर ओसरला की त्यांचा नूर पालटतो. सूज शमवणारी आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारी द्रव्यं ते सोडू लागतात. कीड डेंटिन विरघळवते तेव्हा त्यात साठलेले वाढीचे घटकही मोकळे होतात. जंतूंशी लढणाऱ्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांचाच एक तुकडा, सी५ए, मूळ पेशींना जखमेकडे ओढून आणतो. त्या पेशी तिथे नव्या डेंटिनचा थर घालतात. आम्ही त्याला डेंटिन ब्रिज म्हणतो. सूजच आली नाही, तर दुरुस्तीला कोणी येणारच नाही.

मग बिघडतं कुठे? हाताला गळू झालं तर कातडी ताणली जाते. पल्पभोवती चारही बाजूंनी टणक भिंत, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि ठणका लागतो. पण खरी अडचण त्याहून साधी आहे: किडीतून जंतू येतच राहतात, त्यामुळे या पेशींना लढाई थांबवताच येत नाही, आणि त्यांची हत्यारं स्वतःच्याच ऊतीवर चालू लागतात.

हे 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर दाखवून दिलं. दाढांना भोक पाडून पल्प उघडा टाकला. साध्या उंदरांचा पल्प सडत गेला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत मात्र भोकात अन्न अडकूनसुद्धा पल्प जिवंत राहिला आणि त्यावर नवं डेंटिन चढलं. जखम तीच होती. फरक फक्त जंतूंचा. माझं सगळं काम या एका प्रयोगाच्या आधाराने चालतं, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून आता प्रत्येक दुखऱ्या दाढेला रूट कॅनाल करत नाही. कीड काढताना नस उघडी पडली की सुजलेला वरचा भाग पाण्याच्या धारेखाली बरने (ड्रिलच्या बारीक टोकाने) कापते, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर दाबते आणि घड्याळ बघते. पाच-दहा मिनिटांत रक्त थांबलं, तर खालचा पल्प सावरू शकेल असं धरते. लालभडक रक्त वाहतच राहिलं तर आणखी खोल जाते, आणि तरीही थांबलं नाही तर रूट कॅनालच. रक्त थांबलेल्या जागी एमटीए हे सिमेंट बसवते. ते लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलं. त्यावर त्याच दिवशी पक्कं फिलिंग, कारण फट राहिली तर जंतू परत आत.

आणि कृपा करून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दिवस ढकलू नका. नस सुजल्याचा ठणका त्याने थांबत नाही. कीड आहे तिथेच राहते आणि दात वाचवायची वेळ हातची जाते.

नस पूर्ण मेली असेल तर? मोठ्या माणसाला बहुतेक वेळा रूट कॅनालच. मुलांचं वेगळं. आठ-नऊ वर्षांचं मूल पडतं, पुढच्या दाताची नस मरते, आणि मुळाचं टोक अजून उघडंच असतं. अशा वेळी मूळ आतून स्वच्छ करून, टोकापलीकडून मुद्दाम रक्त आणून गुठळी होऊ देतात. त्या गुठळीबरोबर मूळ पेशीही आत येतात. कित्येकदा मूळ लांबतं, भिंती जाड होतात. आत जे उगवतं ते बहुधा खरा पल्प नसतं, सिमेंटम (मुळावरचं टणक आवरण) आणि हाडासारखी ऊती असते. पण पातळ भिंतींचा तो दात टिकतो, आणि आठ वर्षांच्या मुलाला अजून इम्प्लांट बसवता येत नाही.