वाकळ, थ्री-बी आणि पंचगंगेची पातळी

18 जुलै, रात्रीचे साडेअकरा

आज 18 तारीख. 18, 19, 20 या तीन दिवसांत मम्मीशी कामापुरतंच बोलायचं, हे आता धाकटीला पण पाठ झालंय. दुपारी आत्यांना सांगत होती म्हणे, "आज्जी, मम्मीला थ्री-बी आलंय, तू वाढ मला जेवायला." आत्यांना वाटलं तापबिप आला की काय, कपाळाला हात लावून बघायला वर आल्या. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.)

घरून अकाउंट्सचं काम करते मी. लक्ष्मीपुरीतले धान्यवाले, एक गुळाचे व्यापारी, गांधीनगरचं एक कापडाचं होलसेल दुकान आणि शिरोलीकडची एक-दोन छोटी वर्कशॉपं. सगळ्यांचं जीएसटी माझ्याकडे. 11 तारखेला वन भरायचं, म्हणजे विक्रीचं रिटर्न, 14 ला टू-बी येतं, म्हणजे खरेदीवरच्या कराची यादी, ती बिलांशी जुळवत बसायचं, आणि 20 ला थ्री-बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न. आता हे कागदावर तीन ओळीत मावतं, पण त्यातलं एक बिल शोधायला अर्धा दिवस जातो कारण शेठनी त्याचा फोटो काढलेला असतो तो तिरका, त्यावर अंगठा, आणि पाठवलेला असतो घरच्यांच्या ग्रुपवर.

आमची दोन्ही पोरं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. सुरुवातीला मी पण टाइमटेबल केलं होतं, सगळे करतात तसं. सकाळी दोन तास गणित-मराठी, मग माझं काम, मग जेवण, मग हस्तकला, चार रंगांची स्केचपेनं वापरून. ते चाललं नाही, चालणार पण नव्हतं, कारण माझं काम रोजच्या हिशोबानं येतच नाही, ते महिन्याच्या हिशोबानं येतं. म्हणून आता आमच्या घरची शाळा पण महिन्यावर चालते. 21 पासून पुढच्या महिन्याच्या 8-9 तारखेपर्यंत मी पोरांची. तेव्हा नवीन काय असेल ते शिकवायचं, अपूर्णांक, इंग्रजीचं व्याकरण, कुठं जायचं असेल ते जायचं. आणि मधल्या दिवसांत जे माझ्याशिवाय होतंय तेवढंच. वाचन, पाढे, आज्जीच्या हाताखाली स्वयंपाकघर, आणि पावसाळ्यात कुंभार गल्ली. कुणी "रोजचा बॅलन्स कसा ठेवतीस" विचारलं की मी सांगते बाई रोजचा बघूच नको, महिन्याचा बघ. बॅलन्स शीट तरी कोण रोज काढतं.

कुंभार गल्ली आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, शाहूपुरीतच. आता तिथं गणपतींचं काम जोरात आहे, आणि त्यात पाऊस, त्यामुळं मूर्ती वाळत नाहीत म्हणून सगळे वैतागलेत. थोरला तिथं जाऊन बसतो. कुणी हाकलत नाही, कारण तो बोलत नाही, नुसता बघत बसतो. कधी शाडूचा गोळा मिळतो. परवा त्यानं उंदीर केला, त्याला कान एवढे मोठे की तो हत्तीचाच नातेवाईक वाटत होता, तर तिथल्या मामांनी सांगितलं म्हणे की असू दे, बाप्पाच्या घरचाच हाय.

शाळा सुटायचं कारण सांगायचं तर लॉकडाऊन. 2020 ला हा पहिलीत गेला तोच मोबाईलवर. छोट्याशा चौकोनात चाळीस तोंडं, आणि बाई म्हणायच्या म्यूट करा, म्यूट करा. हा म्यूट झाला तो झालाच. शाळा उघडल्यावर घातलं परत, पण वर्गात उठून वाचायला सांगितलं की हा गप्प उभा, घरी आल्यावर जेवायचा नाही. मग आम्ही दोघांनी ठरवलं की बास. धाकटीचं तर तसं काही कारणच नाही, ती दादा घरी म्हणून मी पण घरी.

आता कोल्हापुरात राहून पोराला शाळेत घालत नाही म्हणणं म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. शाहू महाराजांचं गाव हे. 1917 ला महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, आणि जे आईबाप पोरांना शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया. दसरा चौकातनं पुतळ्यासमोरून जाताना आमचे चुलत सासरे मुद्दाम गाडी हळू करतात आणि म्हणतात, "सूनबाई, महाराज असते तर दोन पोरांचे दोन रुपये." मी पण म्हणते, "भरले असते मामंजी, पावती तेवढी द्या, खर्चात टाकते." मनात मात्र येतं की महाराजांचा दंड महिन्याला रुपया होता, माझ्या व्यापाऱ्यांना रिटर्न उशिरा भरलं तर दिवसाला 50 आहे, आणि वर व्याज.

पण गंमत सोडून सांगायचं तर त्यांचं बोलणं मला लागतं, कारण ते खरं आहे. तो कायदा होता तो ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं करून घेत नव्हते त्यांच्या पोरांसाठी, आणि त्याच्यामुळं माझ्या माहेरात आजोबा सही करायला शिकले. त्यामुळं शाळा म्हणजे काहीतरी वाईट असं बोलणाऱ्या लोकांत मला बसवत नाही. काही जणी बोलतात तसं, शाळा म्हणजे जेल आणि फॅक्टरी वगैरे. मला नाही पटत. आमच्या पोराला झेपली नाही, विषय संपला.

"दहावीचं काय?" हा दुसरा प्रश्न, तो लग्नात, मयतीला, भाजी घेताना, कुठंपण येतो. त्याचं उत्तर तसं सोपं आहे. एनआयओएस म्हणून केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड आहे, त्यातनं दहावी देता येते, वय 14 पूर्ण लागतं, कमीत कमी पाच विषय घ्यायचे, एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. नाहीतर बाहेरून परीक्षेला बसायचा आपल्या बोर्डाचा 17 नंबर फॉर्म आहेच. एवढं सगळं सांगितल्यावर समोरचं माणूस म्हणतं, "हो, पण दहावीचं काय?"

बरं, पावसाळ्यातलं आमचं खरं गणित भिंतीवर आहे. जूनमध्ये थोरल्यानं आलेखाचे चार कागद जोडून चिकटवलेत, आणि रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी त्यावर टिंब म्हणून लावायची. 39 फुटाला पिवळी रेघ, इशारा. 43 ला लाल, धोका. 2019 ला पाणी 50 च्याही वर गेलं होतं आणि 2021 ला परत, ते त्याला ऐकून माहिती म्हणून त्यानं कागद वर 60 पर्यंत ठेवलाय. मी म्हटलं एवढा कशाला, तर म्हणाला असूदे, लागला तर. कोल्हापूरच्या पोराला हे शिकवायला लागत नाही. राधानगरीचे दरवाजे उघडले अशी बातमी येते तेव्हा घरात गुणाकार सुरू होतो. ते सात दरवाजे आपोआप उघडतात, धरण भरलं की, आणि एका दरवाजातनं 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. चार उघडले तर किती, 5712. हे त्याला पुस्तकातल्या आंबे-पेरूच्या उदाहरणात कधी आलं नसतं, हातचे विसरायचा. इथं विसरत नाही, कारण पाणी कुंभार गल्लीत येतं आणि त्या मामांना सगळ्या मूर्ती उचलायला लागतात हे त्यानं बघितलंय.

आज टिंब पिवळ्या रेघेच्या खालीच आहे अजून.

आता वाकळेचं, म्हणजे गोधडीचं. हे लिहायचं म्हणून तर वही काढली होती आणि एवढ्या लांब आले.

आत्या वाकळा शिवतात, त्यांच्या आईकडनं आलेलं. माझ्या माहेरी रेडिमेड ब्लँकेटं, त्यामुळं मला सुई धरायची ती बटणापुरती. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मला बसवलं. सुती नऊवारी पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि एका नऊवारीत वरचा नि खालचा दोन्ही थर निघतात हे मला माहितीच नव्हतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्याचे चार तुकडे केले की एकेक दोन मीटर आणि वर तीन बोटं, दोन-दोन जोडले की झाले दोन थर. (ही भागाकाराची शाळा पोरांची पण झाली, टेप घेऊन, फरशीवर लोळत.) आत जुने पंचे, धोतर, फाटलेल्या चादरी. टी-शर्ट घालायचे नाहीत, होजिअरी ताणते आणि वाकळ भोंगळ होते. चारी कोपऱ्यांवर डाळ-तांदळाचे डबे ठेवायचे, हातानं सारखं करत जायचं, कच्चे टाके टाकून घ्यायचे, मग कडेनं सुरुवात करून गोल गोल आत. आत्यांचे टाके तांदळाएवढे आणि सगळे एका मापाचे. माझे सुरुवातीला दूरवरून पण ओळखू यायचे, त्यांनी उसवायला लावलं नाही, फक्त त्या बाजूला पाय करून झोपा म्हणाल्या.

तर मला सापडलेली गोष्ट अशी की थोरल्याचं वाचन घेताना हातात वाकळ असली की वाचन चांगलं होतं. त्याचं नाही बदललं काही, माझं बदललं. नुसती समोर बसले की तो अडला रे अडला मी शब्द सांगून मोकळी. दोन सेकंद पण दम धरवत नाही मला, हिशोबातली सवय, चूक दिसली की हात तिकडं जातो. मग तो पुढचा शब्द वाचायच्या आधीच माझ्याकडं बघायचा, आता सांगेल म्हणून. आणि सुई हातात असताना मला जमतच नाही मध्ये बोलायला. आज संध्याकाळचंच. पेपरातली पावसाची बातमी वाचत होता, "पाणलोट" पर्यंत आला आणि "क्षेत्रात" वर थांबला. माझी सुई नेमकी काठाच्या जोडावर अडकलेली, तिथं सहा-सात पदर एकत्र येतात, अंगठा लावून ढकलायची, दुसऱ्या बाजूनं टोक पकडून ओढायची, आणि दोऱ्याचं दुसरं टोक दातात. तोंड उघडायची सोयच नाही. तो "क्षे" म्हणाला. थांबला. परत "क्षे". माझी सुई निघाली तोपर्यंत त्याचं "क्षेत्रात" झालं आणि तो पुढं दोन ओळी गेला पण. माझ्याकडं बघितलं नाही.

आत्यांनी बघितलं. काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या सुईत दोरा ओवून धाकटीच्या हाती माझ्याकडं पाठवला.

म्हणून मला राग येतो जेव्हा कुणी म्हणतं की एवढं सगळं करून परत शिवणकामाला वेळ कसा काढतीस, तेवढा वेळ पोरांना दे. अगं तो पोरांचाच वेळ आहे. आणि दुसऱ्या बाजूचे लोक त्याहून जास्त. वाकळेचा फोटो स्टेटसला ठेवला तर रात्रीत सात-आठ जणींचे मेसेज, ऑर्डर घेतीस का, केवढ्याला, पुण्यात याला लई डिमांड हाय, पेज काढ, एक्झिबिशनला स्टॉल लाव. आमच्या जाऊबाईंनी तर नाव पण काढून ठेवलंय ब्रँडचं. त्यांचं मन चांगलं आहे, आणि ज्या बाया यावर घर चालवतात त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, त्यांना खरंतर मिळतात त्याच्या दुप्पट पैसे मिळायला पाहिजेत, कारण एका वाकळेला महिना जातो आणि लोक बेडशीटचा भाव सांगतात. पण मी नाही घेणार ऑर्डर. ऑर्डर आली की तारीख आली, आणि तारखा माझ्याकडं 11, 14, 20 एवढ्या बास आहेत. तारीख आली की मी पोराचं वाचन घेताना टाके मोजायला लागणार, म्हणजे परत तेच.

ह्यांची या आठवड्यात सेकंड शिफ्ट. फौंड्रीतनं येऊन अंघोळ करून जेवेपर्यंत बारा-साडेबारा होतात, त्यामुळं पोरांशी गाठ सकाळचीच. ते विज्ञान घेतात. घेतात म्हणजे चहा पिता पिता सांगतात, लोखंड किती डिग्रीला वितळतं, साच्याला वाळू कुठली लागते. मागच्या महिन्यात टाउन हॉलच्या म्युझियमला पण तेच घेऊन गेले होते. तिथं पोसायडनची छोटी कांस्याची मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली. थोरल्याचा प्रश्न, समुद्राचा देव पंचगंगेच्या काठाला आला कसा. ह्यांनी रोमचा व्यापार, जहाजं, बंदरं सगळं सांगितलं. धाकटीनं विचारलं, "पप्पा, त्याला जीएसटी लागला असंल?" ह्यांनी मला फोन करून विचारलं. मी 11 च्या गडबडीत होते, म्हटलं इम्पोर्ट आहे, आयजीएसटी लागेल.

जेवणं झाल्यावर नणंदेचा फोन आला सांगलीवरनं. तिला सातवा चालू आहे, आणि तिनं तिच्या आईच्या (म्हणजे आत्यांच्याच) हिरव्या नऊवारीची वाकळ बाळासाठी मागितलीय, ती आत्यांकडनं नाही, माझ्याकडनं, कारण आत्यांची तिच्या थोरल्याला झालीच आहे. मी लगेच सांगून टाकलं की बघ, होईल तेव्हा होईल, बारशाची तारीख मला सांगूच नको. ती म्हणाली नाही सांगत वहिनी, बारशाला नाही जमलं तर जावळाला दे, आणि तेव्हा पण नाही झाली तर त्याच्या लग्नात आहेर म्हणून घेऊन ये, फक्त काठ आतल्या बाजूला घालू नको, आईचा तो काठ दिसला पाहिजे.