नातं की झीज? दोन प्राचीन जीनोमसोबतचे माझे काही आठवडे

मूळ अमेरिकी लोकांचे पूर्वज कुठून आले, हे नुसतं वाचून समाधान होईना. प्राचीन जीनोमचा, म्हणजे जुन्या अवशेषांतून वाचलेल्या संपूर्ण डीएनएचा, बराच डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. म्हटलं, आपणच पडताळून पाहू.

दोन लहान मुलं निवडली. एक सायबेरियात बैकल सरोवराजवळच्या माल्टा इथलं, सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचं. दुसरं अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यातलं, ‘ॲन्झिक’ नावाने ओळखलं जाणारं, सुमारे १२,६०० वर्षांपूर्वीचं. १९६८ साली ते सापडलं तेव्हा सोबत गेरूने माखलेली दगडी हत्यारं होती. एवढ्याशा जिवासाठी कोणी केवढं ठेवलं होतं! २०१४ मध्ये त्याला पुन्हा मातीत ठेवलं, तेव्हा मूळ अमेरिकी जमातींचे लोक हजर होते. हे वाचल्यापासून त्या फाइलला ‘सॅम्पल’ म्हणणं मला जड जातं.

तुलनेला आजचे लोक घेतले: ॲमेझॉनमधले कॅरिटियाना, चीनमधले हान, आणि या सगळ्यांपासून दूरचे, तुलनेचा आधार म्हणून आफ्रिकेतले म्बुती.

पहिला निकाल आला त्या रात्री झोप लागली नाही. माल्टाचं मूल कॅरिटियानांपेक्षा ॲन्झिकच्या मुलाला स्पष्टपणे जवळचं दिसत होतं. या क्षेत्रातल्या एका ताईंना आकडे पाठवले. त्यांनी एवढंच विचारलं, “ट्रान्झिशन्स गाळलेस का?”

नव्हते गाळले. ट्रान्झिशन्स म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन आणि थायमिन, किंवा ग्वानिन आणि ॲडेनिन, यांची आपसांतली अदलाबदल. जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन झिजतं आणि यंत्राला ते थायमिन दिसतं. उलट्या धाग्यावर हीच झीज ग्वानिनच्या जागी ॲडेनिन म्हणून उमटते. दोन्ही मुलांत ही झीज होती, आणि ती सारखी असल्यामुळे मला नातं दिसत होतं.

तसे बदल असलेल्या सगळ्या जागा काढल्या. जवळपास दोन-तृतीयांश डेटा गेला. माल्टाचा जीनोम मुळातच विरळ, सरासरी प्रत्येक जागा एकदाच वाचलेली; त्यातून इतकं कापताना हात थरथरला. पण ती जादा जवळीक विरून गेली.

आणि एक गोष्ट मात्र हलली नाही: हानांपेक्षा कॅरिटियाना माल्टाला जवळचे. मूळ अमेरिकींच्या वारशातला १४ ते ३८ टक्के भाग या सायबेरियन गटाशी जोडलेला आहे, उरलेला पूर्व आशियाशी, हे प्रसिद्ध झालेलं संशोधन माझ्याच पडद्यावर उभं राहिलं.

आता ॲमेझॉनमधल्या सुरुई लोकांत २०१५ साली दाखवलेला ऑस्ट्रेलेशियाशी (ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांशी) जुळणारा वारशाचा बारीक धागा तपासायला घेतलाय. या वेळी गाळणी आधी लावली.