नोंद सातवी: भोपळ्याचं भोक

आधी कबुली. गेल्या नोंदीत 'भोपळ्या'च्या, म्हणजे माझ्या केशरी-काळ्या हॅलोविन एलपीच्या, दुसऱ्या बाजूवरच्या शेवटच्या गाण्यावर मी दोन परिच्छेद खर्च केले होते. ऑर्गन कसा भोवळ आल्यासारखा हेलकावतो, थेरमिन (हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) मागून कसं हुंदके देतं, वादकाने काय कमाल केलीय, वगैरे. ते सगळं मागे घेतो. वादकाने तसलं काहीही केलेलं नाही. तबकडीचं भोक मधोमध नाही.

हे मला कळलं शेजारच्या पेटीवाल्या काकूंमुळे. त्यांच्या शिकवण्या आणि माझी हॅलोविनची भुतं यांच्यामध्ये चार इंचांची भिंत आहे. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्याकडे संध्याकाळी तो ऑर्गन वाजतो ना, त्याचा सूर हलतोय. मुलींना षड्ज सापडेना." मी त्यांना हॉन्टेड कार्निव्हलचा माहौल, मुद्दाम बिघडवलेला सूर वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुद्दाम केलेलं इतकं एकसारखं नसतं हो."

पुढचे नऊ दिवस याच वाक्यात गेले.

पहिला संशय अर्थातच प्लेयरची थाळी फिरवणाऱ्या बेल्टवर. पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. तिथे बेल्ट मिळतात, पण बहुतेक कॅसेट डेकचे, आणि लांबी विचारली की दुकानदार दोन्ही हातांत ताणून दाखवतो. तिसऱ्या दुकानात एकाने ड्रॉवरच्या तळातून चपटा, बऱ्यापैकी मापाचा बेल्ट काढून दिला. बसवला. ऑर्गन जसाच्या तसा डुलतोय.

मग वेग तपासायचा म्हणून स्ट्रोब चकती छापली (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली तिच्या रेघा उभ्या दिसतात). एलईडी दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसेनात, कारण बरेच एलईडी आता लुकलुकतच नाहीत. चोकवाली जुनी ट्यूब घरात एकच उरली आहे, माळ्यावर. माळ्यावर प्लेयर, मी उकिडवा, आणि रेघा अशा पळतायत की टर्नटेबल वीस टक्के जोरात फिरत असावं. कानांवरचा विश्वासच उडाला. तासाभराने लक्षात आलं की चकती अमेरिकन आहे, २१६ रेघांची, म्हणजे ६० हर्ट्झसाठी. आपल्या ५० हर्ट्झला मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांसाठी १८० रेघा लागतात. १८० ची छापली आणि रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्या. टर्नटेबल निर्दोष.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. आजोबांची, कोलकात्याजवळ दमदमला छापलेली नाट्यसंगीताची एलपी लावली. खरखर पोतंभर, पण सूर खांबासारखा. मग भोपळ्यासोबत आलेला डाउनलोड कोड पहिल्यांदाच वापरला (एलपी घेऊन फाइल ऐकणं म्हणजे श्रीखंड आणून चक्का खाण्यासारखं वाटतं, म्हणून तोवर हात लावला नव्हता). फाइलमध्ये ऑर्गन सरळ! अजिबात हलत नाही. भोपळा परत लावला, शेवटच्या बंद चरीत सुई जाऊ दिली आणि वरून पाहिलं. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, पाळण्यासारखा झुलत होता.

हेडशेलच्या (दांड्याचं सुईकडचं टोक) मागे आलेख कागद चिकटवून मोबाइलवर चित्रण केलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.२ मिमी, म्हणजे भोक ०.६ मिमी बाजूला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करा. बाहेरच्या कडेला त्रिज्या १४६ मिमी, तिथे सुरात फरक ०.४ टक्के, तो कुणाच्या लक्षातही येत नाही. आत ६० मिमीवर तेच ०.६ मिमी १ टक्का वर आणि १ टक्का खाली नेतात. १ टक्का म्हणजे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), एकूण झोका ३४ सेंटचा. आपली प्रमाणश्रुती ८१/८० धरली तर २२ सेंटच्या आसपास. एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे दर फेरीला ऑर्गन दीड श्रुती वर-खाली करत होता. काकूंचं 'एकसारखं' ते हेच. आणि पहिल्या गाण्यात दोष का नाही, शेवटच्यातच का, तेही सुटलं.

कंपनीला मेल केला. सभ्य उत्तर आलं: परत पाठवा, बदलून देऊ. पण परतीचा टपालखर्च तबकडीपेक्षा जास्त, आणि केशरी-काळ्या धुराची ती आवृत्ती तर संपलेली. बदलून साधी काळी आली तर भोपळा कसला? नाकामिची या जपानी कंपनीने १९८० च्या दशकात टीएक्स-१००० हे टर्नटेबल काढलं होतं, ते एका वेगळ्या सेन्सरने शेवटची चर चाचपून तबकडी स्वतःच मध्यावर सरकवायचं. त्याची किंमत माझ्या आवाक्याबाहेरची, त्यामुळे तो विषय संपला.

मी रात्री डोकं धरून बसलेलो असताना बाबा पाणी प्यायला आले. बाबांची सगळी नोकरी पिंपरीला टूलरूममध्ये गेली. आलेख कागद बघून म्हणाले, "रनआउट काढतोयस का? किती आहे?" (रनआउट म्हणजे फिरताना येणारा झोका.)

"बारा दशांश... म्हणजे १.२ मिमी."

"मग फोर-जॉ चकमध्ये जॉब काय देव येऊन ट्रू करतो का? डायल लावायचा, हाताने फिरवायचं, उंच बाजू ठोकायची. भोक मोठं कर आणि ठोक." (लेथच्या चार जबड्यांत धरलेला तुकडा असाच ठोकून मध्यावर आणतात म्हणे.)

भोक मोठं करायचं! मित्रांनो, माझ्या पोटात खड्डा पडला. प्रमाणित भोक ७.२६ मिमीचं, ते साडेआठपर्यंत न्यायचं, आणि परतीचा रस्ता नाही. एकाच बाजूला घासूनही भागत नाही, कारण दोन्ही बाजूंचे साचे वेगवेगळे बसवलेले असतात आणि दुसऱ्या बाजूचा मध्य भलत्याच दिशेला सरकलेला असू शकतो. माझ्या तबकडीत तसंच निघालं: पहिली बाजू ०.२ मिमी, तीही उलट दिशेला.

बारीक गोल कानशींचा संच बोहरी आळीतून आणला. कानस ऑनलाइन मागवू नका, दात बोटाने बघून घ्यायची वस्तू आहे ती. दुकानदाराने कशासाठी विचारलं, मी खरं सांगितलं, आणि पैसे घेण्याआधी त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. रविवारी जुन्या बाजारातून कडा फुटलेली बालगीतांची एक एलपी सरावासाठी उचलली. तिच्यावर दोन धडे मिळाले. कानस आतून बाहेर ओढली तर लेबलचा कागद उसवतो, ती वरून खालीच ढकलायची. आणि भुसा चरीत जातो, म्हणून आधी लेबल सोडून सगळ्या तबकडीला दुधाच्या पिशव्या कापून झाकायचं.

मग खरा भोपळा. चाळीस मिनिटं. बाबा शेजारी बसून "हळू, हळू, घाई नको" म्हणत होते, त्यामुळे हात आणखीच थरथरत होता.

ठोकणं मात्र इतकं सोपं निघालं की राग आला. सुई आतल्या चरीत, प्लॅटर (खालची थाळी) हाताने फिरवायचं, आर्म सर्वांत बाहेर गेला तिथे खूण करायची, सुई उचलायची, त्या बाजूने कडेला बोटाने टिचकी. पाच टिचक्यांत झोका १.२ वरून पाव मिमीच्या आत आला.

आणि मग ते गाणं. ऑर्गन सरळ उभा राहिला, आणि त्या संथ हेलकाव्याखाली इतके दिवस गाडलेली गोष्ट वर आली: थेरमिनचा स्वतःचा थरथराट. बारीक, जलद, हाताने केलेला, आणि दर वेळी वेगळा. हवेत नुसता हात हलवून माणूस तो सूर काढतो, हे आता कुठे ऐकू आलं. लागोपाठ चार वेळा लावलं. चौथ्या वेळी भिंतीवर टकटक झाली, मला वाटलं तक्रार. काकू म्हणाल्या, "आता लागलं बघा."

अडचण राहिली ती ढिल्या भोकाची. धूळ काढायचा कार्बन ब्रश फिरवला की तबकडी सरकते आणि पुन्हा ठोकाठोकी. बाबांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पितळेचा बुश (भोकात बसणारी नळी) करून घ्यायचा असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचतंय की बुश कशाला? कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. त्याच्या घड्या करून स्पिंडलच्या (मधल्या खुंटीच्या) एका अंगाला पाचर घालायची, दोन बाजूंना दोन वेगळ्या पाचरी, आणि लेबलवर पेन्सिलची खूण. बुश रद्द. उद्या कॅन कापतो.

संचातल्या दुसऱ्या तबकडीबद्दल, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या 'काजव्या'बद्दल, थोडक्यात: भोक उत्तम, खरखर भयंकर. चमकणारी पूड पीव्हीसीत मिसळली की पृष्ठभाग गोंगाट करतो, हे ठाऊक असूनही मी घेतली. पुन्हाही घेईन. शनिवारवाड्यातली १७७३ ची आरोळी अजून कुणी अशा हिरव्या तबकडीवर काढलेली नाही, तोवर यावरच भागवायचं.

काल संध्याकाळी परतीचा पाऊस आला. काजवा लावलेला, ट्यूबखाली चांगला उजेड भरून घेतलेला, आणि लाइट गेली. स्पीकर गप्प. खोलीत फक्त फिरणारं हिरवं वर्तुळ. मोटर बंद, पण प्लॅटर जड, ते फिरतच राहिलं, आणि सुईच्या टोकातून गाणं येत राहिलं. डासाएवढा आवाज, खाली खाली उतरत जाणारा. मी कान जवळ नेला. शब्द ओळखू येत होते. मग ते ताणले गेले, मग नुसती कण्ह, मग काही नाही.

म्हणून ३१ तारखेच्या बैठकीचा बेत बदलतोय. मोठे स्पीकर राहू देत तिथेच. काजव्याची शेवटची बाजू अँप बंद ठेवून लावायची. येणाऱ्यांनी चटया आणा, जमिनीवर प्लेयरभोवती बसावं लागेल, आणि एका वेळी फार तर सहाच जण मावतील.