भरतीची चिठ्ठी राहिली होती

चिपळुणात हवामानबदलावर कार्यशाळा घ्यायची म्हटलं की विषयाच्या आधी तारखेचं कोडं सोडवावं लागतं. एप्रिल-मे आंबा आणि लग्नं. जून-जुलै लावणी. मग गणपती, भातकापणी, दिवाळी. मार्चमध्ये शिमगा, तेव्हा तर माणूस घरात सापडत नाही. राहता राहिले जानेवारी-फेब्रुवारी. जानेवारीतला एक रविवार धरला. 2005 आणि 2021 ला गावात शिरलेल्या पुराबद्दल बोलायला जमायचं आणि बाहेर सगळं कोरडं खडखडीत, पण इलाज नव्हता.

मी विज्ञानाच्या शिकवण्या घेते. पुण्याला एकदा ‘क्लायमेट फ्रेस्क’ नावाचा मूळ फ्रान्समधला खेळ खेळले होते. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाच्या अहवालांवरून केलेले 42 पत्ते. सहा-सात जणांनी टेबलाभोवती बसायचं, कशामुळे काय होतं ते आपसांत ठरवत पत्ते मांडायचे, बाण काढायचे. तीन तास कोणी भाषण ठोकत नाही. मला त्याचंच अप्रूप, कारण आपल्याकडे कार्यशाळा म्हणजे दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, आणि वेळ उरलाच तर विषय.

त्या धर्तीवर मी माझ्या 28 चिठ्ठ्या केल्या. सगळ्यात जास्त वेळ शब्दांनी खाल्ला. ‘विकिरणीय प्रवर्तन’ लिहून शेजारच्या वहिनींना वाचायला दिलं. त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून परत केली. शेवटी लिहिलं, ‘उष्णतेचा जमाखर्च: येते जास्त, जाते कमी’. एरोसोलचं झालं ‘हवेतली धूळ आणि धूर’. कार्बन डायऑक्साइड तसाच ठेवला, तो सगळ्यांना माहीत असतो.

सभागृहासाठी तीन खेपा घातल्या. बॅनरवर पदाधिकाऱ्यांचे फोटो नसतील असं सांगितल्यावर तिथे अचानक रंगकाम निघालं. मग एका शाळेचा वर्ग मिळाला, सतरंज्यांसकट.

आले 26 जण. बाजारपेठेतले दुकानदार, बचत गटाच्या बायका, खाडीकाठच्या गोवळकोटचे होडीवाले काका, कॉलेजची मुलं. मुद्दाम सरमिसळ करून चार गट केले.

सुरुवात बर्फाने केली. दोन स्टीलचे पेले: एकात पाण्यावर तरंगता बर्फ, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावर ठेवलेला. दोन्हींत पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण. बर्फ मासळी बाजारातून आणलेला, त्यामुळे वर्गभर बांगड्याचा वास! चहा-पोहे होईतो पहिल्यातली पातळी तिथेच, दुसऱ्यातली खुणेच्या वर. तरंगणाऱ्या बर्फाने समुद्र वाढत नाही, ग्रीनलँड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा वितळला की वाढतो, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग माझी फजिती. हवा एक अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, इथवर ठीक चाललं होतं. पुढे मी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा 2017 चा अभ्यास काढला: 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एक किराणा दुकानदार शांतपणे म्हणाले, “मॅडम, चिपळूण मध्य भारतात कधी गेलं?” मुलं हसली. त्यांचं बरोबरच होतं. तो आकडा इथे चिकटवण्याची घाई मी करायला नको होती. चिठ्ठी काढून घेतली.

त्यानंतर त्यांनीच सांगितलं, 2005 च्या पुराची रेघ त्यांच्या दुकानात होती. 21 जुलै 2021 च्या रात्री त्या रेघेच्या वर हात-दीड हात सोडून माल रचला आणि निर्धास्त झोपले. सकाळी पाणी त्याच्याही वर. साखर गेली, तांदूळ गेला. त्या पुराच्या वेळी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता हे त्यांना पाठ होतं, मला कागदात बघावं लागलं.

होडीवाले काका इतका वेळ गप्प होते. तक्त्यावरून नजर फिरवून म्हणाले, “यात भरती खंय आहे?”

नव्हती. 28 चिठ्ठ्यांत ध्रुवावरचा बर्फ होता, आमच्या वाशिष्ठी नदीत शिरणारी भरती नव्हती. त्यांनी 2021 च्या पुराचा दिवस बोटांवर मोजून दाखवला: आषाढी एकादशी होऊन दोन दिवस, पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाची मोठी भरती जवळ आलेली. खालून खाडी फुगली की नदीचं पाणी जायला वाट राहत नाही. त्यांना कोरी चिठ्ठी दिली. त्यांनी ‘भरती’ लिहून ती पावसाच्या आणि समुद्रपातळीच्या मधे ठेवली. समुद्रपातळीच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 1901 ते 2018 मध्ये जगभरात सरासरी 20 सेंटीमीटर वाढ. काकांनी हाताची वीत ताणून बाकावर टेकवली. “म्हणजे येवढी. उधाणाच्या वर.” दिवसभरात मी काढायला लावलेल्या कुठल्याही बाणाला त्या वितीची सर नाही.

मग कोऱ्या चिठ्ठ्यांना धीर आला. गाळ. गावातल्या शिवनदीतली बांधकामं. डोंगरातली तोड. आणि धरण. कोयना धरणाचं पाणी वीज करून कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येतं, त्यामुळे पुराचा विषय निघाला की धरणावर येतोच. 40 मिनिटं वाद झाला, माझं वेळापत्रक कोलमडलं. “हवामानबदल म्हणून मोकळे व्हाल, गाळ कोणी काढायचा?” असं बचत गटातल्या एक ताई मला उद्देशून म्हणाल्या. थोडं लागलं, पण खोटं नव्हतं. धरणाचा बाण अखेर पेन्सिलने काढला, शेजारी प्रश्नचिन्ह. बाकीचे मार्करने.

‘आपण काय करू शकतो’ या माझ्या शेवटच्या तासाला जेमतेम 20 मिनिटं उरली. झाडं लावा, प्लास्टिक टाळा, ही यादी कोणी उच्चारलीही नाही. दोनच गोष्टी ठरल्या. बाजारपुलापासून चिंचनाक्यापर्यंत 2005 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा रंगवायच्या, आणि गोवळकोटला भरती चढू लागली की ते काका दुकानदारांच्या ग्रुपवर कळवणार.

रंगकामाच्या परवानगीचा अर्ज दिलाय, पोच मिळाली आहे. ग्रुप मात्र त्याच रात्री झाला. पहिल्या आठवड्यात त्यात काकांचे भरतीचे चार निरोप आले आणि सुप्रभातचे साठेक.